पाच सेंटिमीटरचा माणूस

कॅमोफ्लाज कशासाठी असतो? दिसू नये म्हणून. आणि स्केल मॉडेल कशासाठी करतात? लोकांनी बघावं म्हणून. तीन-तीन आठवडे खपून प्लास्टिकचा रणगाडा जोडायचा, झाडीत आणि वाळूत लपता यावं असे पट्टे त्याच्यावर रंगवायचे, आणि मग तो काचेच्या कपाटात, दिव्याखाली ठेवायचा. या छंदात मुरलेल्यांना यात काही विचित्र वाटत नाही. मलाही बरेच दिवस वाटलं नव्हतं. पण या उलट्या कारभारात एक नैतिक प्रश्न आहे. माणसं मारण्यासाठी घडवलेल्या यंत्राची इतक्या प्रेमानं प्रतिकृती करणं बरोबर आहे का?

हा प्रश्न मी बुटीबोरीत बसून विचारतोय. इथल्या एमआयडीसीत शिफ्ट करायची, खोलीवर यायचं आणि टेबललॅम्प लावायचा. सध्या टेबलावर १:३५ स्केलचा टी-७२ आहे. खरा रणगाडा तोफ सोडून जवळजवळ सात मीटर लांब. माझा वीस सेंटिमीटर. फ्रेममधून भाग कापायचे, काठ घासायचे, फटी पुटीनं भरायच्या, प्रायमर मारायचा. मग वाळूचा रंग. तो वाळला की जिथं वाळूच राहायला हवी तिथं चिकटमातीच्या वळ्या दाबून बसवायच्या आणि उरलेल्या भागावर एअरब्रशनं हिरवा मारायचा. वळ्या काढल्या की २६ जानेवारीच्या संचलनात दिसतात तसे पट्टे एकदम उमटतात. या छंदातला हा सगळ्यात सुखाचा क्षण.

पण खरं कौशल्य यानंतर लागतं. नवाकोरा रणगाडा खोटा वाटतो, म्हणून त्याला जुना करायचा. पातळ काळपट रंग सांध्यांमध्ये सोडायचा, स्पंजच्या तुकड्यानं रंगाचे टवके उडाल्यासारखे दाखवायचे, चाकांवर चिखल चढवायचा. आणि इथं एक मजा कळते. चिखलासाठी खोलीबाहेरची काळी माती तशीच आणून चालत नाही. वाळूचा अर्ध्या मिलिमीटरचा कण १:३५ मध्ये पावणेदोन सेंटिमीटरचा होतो, म्हणजे गिट्टीच. खरी माती मॉडेलवर खोटी दिसते. खरी दिसायला दळून बारीक केलेली रंगाची पूड लागते. रंगाचंही तसंच. मूळ रणगाड्याचा हिरवा जसाच्या तसा दिला, तर एवढ्याशा आकारात तो काळपट दिसतो. थोडा फिका करावा लागतो. म्हणजे आकार लहान केला, की सत्याच्या काही गोष्टी बरोबर येत नाहीत. कोणत्या ठेवायच्या, कोणत्या सोडायच्या, हे करणारा ठरवतो.

एकदा डबा देणाऱ्या काकू टेबलापाशी थबकल्या. "बाप्पा! लय सुंदर बनवला भाऊ. पण याच्यात मानूस कुठी बसते?"

"आत. तिघं असतात."

"मंग दिसत काऊन नाही?"

झाकणं बंद आहेत म्हणून, असं मी सांगितलं. उत्तर बरोबरच होतं. झाकणं मीच बंद चिकटवली होती. बहुतेक मॉडेलं तशीच असतात.

या छंदाच्या बाजूनं पहिला युक्तिवाद नेहमीचा: अहो, खेळणं आहे ते. आपल्याकडे तर ही परंपराच आहे. दिवाळीत पोरं अंगणात किल्ला करतात, त्यावर अळीव पेरतात, बुरुजांवर तोफा मांडतात. तेही लष्करी मॉडेलच की. आमच्या नागपूरकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा असतो; लहान मुलं चाकांचे लाकडी बैल सजवून मिरवतात. मोठ्यांच्या जगातली गोष्ट लहान करून हातात घेणं, हा समजून घेण्याचा फार जुना मार्ग आहे. हे मला पूर्ण मान्य आहे.

फरक मात्र एक आहे. दिवाळीचा किल्ला मातीचा ढिगारा असला तरी चालतो, पण मावळे नसले तर तो कुणालाच पूर्ण वाटत नाही. पोराचा पहिला हट्ट मावळ्यांचाच असतो. तान्ह्या पोळ्याच्या बैलामागे शिवारात राबणारा बैल सगळ्यांना ठाऊक असतो. रणगाड्याच्या मॉडेलचं उलटं आहे. ते माणसावाचून पूर्ण वाटतं.

दुसरा युक्तिवाद इतिहासाचा: आम्ही इतिहास जपतो. हा जास्त वजनदार आहे, कारण चांगले मॉडेलकार खरोखर अभ्यास करतात. कोणत्या वर्षी दिव्याची जागा बदलली, अमुक पट्टीवर बोल्ट किती, यावर रात्र-रात्र वाद घालतात. पण इतिहास म्हणजे बोल्टच का? एक खराखुरा रणगाडा घेऊन बघू.

अहिल्यानगरच्या आर्मर्ड कोर सेंटर अँड स्कूलमध्ये एक सेंच्युरियन जतन केलेला आहे. नाव 'फामागुस्ता'. १६ डिसेंबर १९७१ रोजी, बसंतरच्या लढाईत, पूना हॉर्सचे सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल त्यात होते. जन्म पुण्याचा, वय २१. रणगाड्याला आग लागल्यावर बाहेर पडण्याचा हुकूम आला. तोफ अजून चालतेय म्हणून त्यांनी तो मानला नाही. ते मारले गेले. मरणोत्तर परमवीर चक्र मिळालं. सेंच्युरियनमध्ये चौघं असतात. उरलेल्या तिघांची नावं आपल्यापैकी किती जणांना सांगता येतील?

ही गोष्ट तिथं संपत नाही. २००१ मध्ये अरुणचे वडील, निवृत्त ब्रिगेडियर एम. एल. खेत्रपाल, वयाच्या एक्याऐंशीव्या वर्षी आपलं जन्मगाव सरगोधा बघायला पाकिस्तानात गेले. लाहोरात ते ज्यांच्याकडे उतरले, ते ब्रिगेडियर ख्वाजा मोहम्मद नासेर. त्यांनी पाहुण्याची मनापासून सरबराई केली. आणि परतण्याच्या आदल्या रात्री सांगितलं, की तुमचा मुलगा माझ्या हातून मारला गेला. १९७१ ला ते समोरच्या रणगाड्यात होते. ते एक वाक्य बोलायला तीस वर्षं लागली.

त्या दिवशी या दोघांना एकमेकांचा रणगाडा दिसत होता. रणगाड्यांची लढाई अशीच असते. पोलाद पोलादावर गोळा झाडतं आणि आतली माणसं नंतर कधीतरी कळतात, कळलीच तर.

इथं गीता आठवल्याशिवाय राहत नाही. पहिल्या अध्यायात अर्जुन म्हणतो, रथ दोन्ही सैन्यांच्या मधोमध उभा कर, मला कुणाशी लढायचंय ते बघू दे. त्याचा विषाद त्या बघण्यातून आला. चेहरे दिसले म्हणून प्रश्न पडला. प्रश्न पडला म्हणून पुढचे सतरा अध्याय. आपल्या देशी रणगाड्याचं नावही 'अर्जुन' आहे. फक्त त्याच्या पेरिस्कोपमधून समोरच्याचा चेहरा दिसत नाही.

आता मॉडेलचं गणित करू. १:३५ चा रणगाडा हातभर अंतरावरून, म्हणजे चाळीसेक सेंटिमीटरवरून बघणं, हे खरा रणगाडा चौदा मीटरवरून बघण्यासारखं आहे. चौदा मीटरवर कसला कॅमोफ्लाज चालणार? तिथं इंजिनानं जमीन हादरते, डिझेलचा वास येतो, चालकाचे डोळे दिसतात. माझे हिरवे-वाळूचे पट्टे त्या अंतरावर रणगाडा लपवूच शकत नाहीत. तरी ते काहीतरी लपवतातच. पट्टे इतके देखणे असतात, की आत कोण, हा प्रश्न डोक्यात येत नाही.

चित्रकलेचं हे जुनंच काम आहे. पहिल्या महायुद्धात, १९१५ मध्ये, फ्रेंच सैन्यानं चित्रकारांचीच तुकडी उभारून तोफा रंगवून घेतल्या. त्याही आधी इंग्रजांच्या हिंदुस्थानी फौजेनं धुळीत मिसळणारा खाकी स्वीकारला होता. खाक म्हणजे फारसीत धूळ. मराठीत आपण म्हणतो, जळून खाक.

मग छंद सोडावा का? मला तसं वाटत नाही, आणि त्याचं कारण माझा पत्ता आहे. बुटीबोरीहून वर्ध्याकडे निघालं की पवनार लागतं, जिथं विनोबा राहिले. वर्ध्याजवळ सेवाग्राम, जिथं १९३६ पासून गांधीजी राहिले. आणि त्याच जिल्ह्यात, पलीकडे पुलगाव, लष्कराचं केंद्रीय दारूगोळा भांडार. ३१ मे २०१६ च्या पहाटे तिथल्या आगीत अधिकारी, जवान आणि आग विझवणारे मिळून पंधराहून जास्त माणसं गेली. नागपुरात अंबाझरीची आयुध निर्माणी; भंडाऱ्याजवळ जवाहरनगरची, जिथं २४ जानेवारी २०२५ च्या स्फोटात कामगार मेले. विदर्भात युद्ध ही शिफ्टची नोकरी आहे. तिच्यावर घरं उभी राहिली, पोरं शिकली. वन-टू-वन स्केलचं काम करणाऱ्या कामगाराला आपण पापी म्हणत नाही, म्हणूही नये. मग प्लास्टिकवाल्यालाच कोर्टात का उभं करायचं? हात स्वच्छ कुणाचे, या प्रश्नाला इथं फारसा अर्थ नाही. आपण काय झाकतोय, हे मात्र प्रत्येकाला विचारता येतं.

कुणी म्हणेल, झाकायचं नसेल तर मग रक्त दाखवा, जळलेली प्रेतं दाखवा. मला ते पटत नाही. पाच सेंटिमीटरच्या बाहुलीवरचं रक्त बघणारा "लाल छान जमलाय" एवढंच म्हणतो. वेदनेचं स्केल करता येत नाही. मातीसारखंच आहे ते. तशीच आणून टाकली तर खोटी दिसते, आणि दळून बारीक केली तर ती माती राहत नाही.

मग काय जमतं? माणूस आहे, एवढं कळवणं जमतं. १:३५ मध्ये पावणेसहा फुटांचा माणूस पाच सेंटिमीटरचा होतो, करंगळीएवढा. तो उघड्या झाकणातून कमरेपर्यंत दिसला तरी पुरतो. त्याच्याकडे बघून कुणी विचारेल, हा कोण? तेव्हा सांगायला काहीतरी हवं. पुढच्या महिन्यात मला सेंच्युरियन करायचाय. त्याआधी तीन गोष्टी शोधायच्या आहेत: हा कोणत्या दिवसाचा रणगाडा, आत कोणकोण होतं, आणि समोर कोण होतं. तिसरं उत्तर सगळ्यात अवघड, आणि देशप्रेमाच्या नावाखाली आपण तेच सगळ्यात आधी सोडून देतो. खेत्रपालांच्या वडिलांना ते एक्याऐंशीव्या वर्षी मिळालं, आणि त्यांनी ते ऐकून घेतलं. आपल्याला निदान शोधता तरी येईल.

ही तीन उत्तरं मिळेपर्यंत झाकणाला गोंद लावू नये, असं मला वाटतं.