लादीवरचं नाणं

दुपारी पंखा बंद करा आणि जमिनीवर मांडी घालून बसा. मुलुंड-घाटकोपरच्या जुन्या सोसायट्यांत अजून मोझॅकची लादी सापडते. तुमची 25 सेंटिमीटर चौरस आहे असं धरू. हात फिरवा. सांध्याची रेघ बोटाला लागेल.

दोन रुपयांचं नाणं घ्या, 2011 च्या मालिकेतलं. व्यास 25 मिलिमीटर, लादीच्या बाजूचा बरोब्बर दहावा भाग. नेम न धरता टाका. (फार उंचावरून नको, खालचे काका वर येतील.) सांध्याला न शिवता ते एकाच लादीत पडेल, याची संभाव्यता किती?

घाई नको. नाणं विसरा, फक्त त्याचा मध्यबिंदू पाहा. तो चारही सांध्यांपासून साडेबारा मिलिमीटरहून दूर हवा. म्हणजे लादीच्या आत मनानेच साडेबावीस सेंटिमीटरचा चौरस आखायचा. 0.9 गुणिले 0.9, झाले 0.81. दहावीच्या फाशाला 6 निष्पत्ती, पत्त्यांना 52. इथे मध्यबिंदूच्या जागा मोजून संपतच नाहीत, म्हणून मोजणी सोडून क्षेत्रफळाकडे जायचं.

उरले 19 टक्के. उभ्या सांध्याला शिवण्याचे 10, आडव्याला 10. मग 20 का नाहीत?

इथे रेंगाळा. चार लाद्या मिळतात त्या बिंदूभोवती, म्हणजे चौकाभोवती, अडीच सेंटिमीटरचा चौरस कल्पा. मध्यबिंदू त्यात आला, की नाणं दोन्ही रेघांना शिवतं. तो 1 टक्का दोनदा मोजला गेला होता. पण दोन्ही रेघांना शिवणं म्हणजे चौक झाकणं नव्हे. त्यासाठी मध्यबिंदू चौकापासून साडेबारा मिलिमीटरच्या आत हवा, म्हणजे त्या चौरसात बसणाऱ्या वर्तुळात. वर्तुळाने व्यापलेला भाग पाय भागिले 4, सुमारे 0.785. सगळ्या सरळ रेघांच्या जमिनीवर पाय निघाला तो असा! वर्तुळाबाहेरच्या चार कोपऱ्यांत मध्यबिंदू असेल, तर नाणं तीनच लाद्यांवर टेकतं. डोळे मिटून ते तिथे ठेवून पाहा. मला तरी हे तीनचं प्रकरण चारपेक्षा जास्त आवडतं.

फ्रेंच शास्त्रज्ञ ब्यूफाँने 1733 मध्ये पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे हाच खेळ मांडला. पैज बरोबरीची व्हायला नाणं केवढं हवं, हा त्याचा प्रश्न. आपल्या लादीला 7.3 सेंटिमीटरची चकती लागेल, लोणच्याच्या बरणीच्या झाकणाएवढी.

सोसायटी रीडेव्हलपमेंटला गेली, की टॉवरमध्ये 60 सेंटिमीटरची व्हिट्रिफाइड लादी येईल. नाणं तेच, पण 81 चे जवळजवळ 92 टक्के होतील. आणि तीन लाद्यांचा योग 10,000 मध्ये 21 वरून चारच्याही खाली जाईल.