गळा नाहीं, म्हणून गाणें नाहीं काय?

कांहीं वर्षांमागें एका गांवच्या शाळेंत समारंभाकरितां मुलांकडून पद बसवून घेणें चाललें होतें. एका मुलाचा सूर जमेना. तेव्हां गुरुजी त्यास म्हणाले, “तूं नुसते ओठ हालव, आवाज काढूं नकोस.” पद उत्तम झालें. परंतु तो मुलगा आज मोठा झाला असून, मंडळी भजनास बसली म्हणजे टाळही हातीं घेत नाहीं. “मला गाण्यांतलें कांहीं कळत नाहीं,” असें तो म्हणतो. हें त्यास कोणी शिकविलें? आपणच नव्हे काय?

प्रश्न असा आहे कीं, संगीत हें कोणाचें? गोड गळा असणाराचेंच, कीं मनुष्यमात्राचें?

स्कॉटलंडांतील एव्हेलिन ग्लेनी ह्या बाईंचें उदाहरण विचार करण्याजोगें आहे. त्यांचा जन्म १९६५ सालीं झाला. लहानपणींच त्यांस ऐकूं येणें कमी होत गेलें व बाराव्या वर्षाच्या सुमारास त्या बहुतेक बधिर झाल्या. अशा मुलीस वाद्य शिकविणें म्हणजे वेळ दवडणें, असें पुष्कळांनीं म्हटलें असतें. परंतु तिच्या शिक्षकांनीं तिला भिंतीवर हात टेकावयास सांगितलें व आपण नगारे वाजविले. खालचे स्वर पायांत व वरचे मानेंत, चेहऱ्यांत जाणवतात, हें ती हळूहळू ओळखूं लागली. पुढें लंडनच्या रॉयल अकॅडमी ऑफ म्यूझिक ह्या विद्यालयानें प्रथम तिला नाकारलें. पण वाजविण्याची योग्यता पाहावी, कान पाहूं नयेत, असा आग्रह तिनें धरला, तेव्हां तिला प्रवेश मिळाला. पुढें त्या जगप्रसिद्ध वादक झाल्या. वाद्याचा कंप जाणवावा म्हणून त्या अनवाणीच वाजवितात.

कोणी म्हणेल, “सर्वांस घेतलें तर गाण्याची नासाडी होईल.” ह्या आक्षेपांत तथ्य आहे. तथापि सभेपुढें गाणें व गाणें शिकणें ह्या दोन गोष्टी भिन्न आहेत. सभेकरितां निवड करावी. परंतु विद्येचें दार निवडीनें बंद करूं नये. कुरुंदवाडचे विष्णु दिगंबर पलुसकर ह्यांचे डोळे लहानपणीं फटाक्यानें अधू झाले. त्यांनींच १९०१ सालीं लाहोरास गांधर्व महाविद्यालय काढून, घराण्यांत जपलेली विद्या सामान्य जनांस खुली केली. तेणेंकरून गाण्याची नासाडी झाली नाहीं. उलट त्याचा मान वाढला.

शिवाय आपण ज्यास बेसूर म्हणतों, तो पुष्कळदां बेसूर नसतोच. पेटीची पट्टी गुरुजींच्या गळ्यास सोयीची असते, मुलाच्या नव्हे. वयांत येणाऱ्या मुलाचा आवाज फुटतो, तेव्हां कालचा सूर त्यास आज लागत नाहीं. अशा वेळीं मुलाच्याच सुरापासून आरंभ करून त्यास एकेक स्वर चढवीत न्यावें. तोंवर ढोलकी किंवा झांज द्यावी. ताल धरणारा हाही गाणाराच होय.

शिक्षकबंधूंनो, “तुला गातां येत नाहीं” हें वाक्य उच्चारावयास क्षणभर पुरे होतो, पण ऐकणारा तें जन्मभर बाळगतो. पद थोडें बिघडलें तर पुढल्या वर्षीं सुधारतां येईल. मुलाचें मिटलेलें तोंड उघडणें तितकें सोपें नाहीं.