आधी विचारावे

(वाचन : मार्क १०:४६-५२)

प्रियांनो, बार्तीमय आंधळा आहे हे यरीहोच्या रस्त्यावर सर्वांनाच दिसत होते. तरीही प्रभू येशूने त्याला जवळ बोलावून, काय हवे ते आधी विचारले. लोक त्याला गप्प करीत होते. प्रभूने त्याला बोलू दिले.

ऑस्ट्रेलियात परिचारिका होणाऱ्या विद्यार्थ्यांना आज हाच धडा शिकवितात. तेथील आदिवासी रुग्ण कधी नजरेला नजर देत नाही, लगेच उत्तर देत नाही. त्याला अडाणी समजू नये. कित्येकदा तो आदर असतो. कित्येकदा भीतीही असते, आणि तिला कारण आहे. विसाव्या शतकात सरकारने त्यांची मुले आईबापांपासून हिरावून नेली, काही तर इस्पितळातूनच. १९९७ च्या चौकशी अहवालात हे नमूद आहे. १३ फेब्रुवारी २००८ रोजी पंतप्रधान केविन रड यांनी संसदेत क्षमा मागितली.

ह्यांतील पुष्कळ मुले मिशनच्या वसतिगृहांत ठेवली होती, हे वाचून आपली मान खाली जाते. तेथे प्रभूचेच नाव घेतले जात होते. कळवळा असेलही; पण त्या आयांना कोणी विचारले नाही.

सेवा सुरक्षित वाटली की नाही, हे सेवा घेणाऱ्याने ठरवावे, असे त्या विद्यार्थ्यांना सांगतात. शब्बाथ शाळेच्या शिक्षकहो, आपण आजाऱ्याच्या घरी जातो आणि बसताक्षणीच उपदेश सुरू करतो. ह्या आठवड्यात आधी विचारू या, आणि उत्तर येईपर्यंत थांबू या.

हे प्रभो, हात पुढे करण्याआधी ऐकून घेण्यास आम्हांस शिकीव. आमेन.