घरून लिहून आणलेलं

जूनमध्ये शाळा उघडते आणि परिपत्रकांचाही हंगाम सुरू होतो. १ ऑगस्टला लोकमान्य टिळकांची पुण्यतिथी आणि अण्णा भाऊ साठे यांची जयंती एकाच कार्यक्रमात बसवायची. ५ सप्टेंबरला शिक्षक दिन, १५ ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिन. ७ नोव्हेंबरला विद्यार्थी दिवस, कारण १९०० साली याच तारखेला भिवा रामजी आंबेडकर साताऱ्याच्या शाळेत दाखल झाले. मग संविधान दिन, ३ जानेवारी, शिवजयंती, मराठी भाषा गौरव दिन आणि लगेच दुसऱ्या दिवशी विज्ञान दिन. प्रत्येक दिवसाला एक प्रतिमापूजन, एक स्पर्धा आणि एक फोटो. फोटो केंद्रप्रमुखांच्या ग्रुपवर पडला की दिवस साजरा झाला. यावरची शिक्षकांची कुरकुर रास्त आहे, पण ती आता सगळ्यांना पाठ आहे. मला बोलायचंय ते स्पर्धांबद्दल.

तालुकास्तरीय वक्तृत्व स्पर्धा कधी बसून ऐकली आहे? परीक्षकांच्या हातात तक्ता असतो: विषयाची मांडणी, उच्चार, हावभाव, पाठांतर, वेळेचं भान. पाचवीतला मुलगा 'अध्यक्ष महोदय, पूज्य गुरुजनवर्ग' म्हणत सुरुवात करतो. 'क्रांतीची मशाल' म्हणताना उजवा हात वर, 'अंधार' म्हणताना डावा हात कपाळावर. दुसऱ्या मिनिटाला तो अडकतो. खिडकीशी उभ्या असलेल्या बाई ओठ हलवून पुढचा शब्द सुचवतात, तो त्याला दिसत नाही, आणि मग तो पुन्हा 'अध्यक्ष महोदय'पासून सुरू करतो. मधूनच पुढे जाणं त्याला शक्यच नसतं. विचार त्याचा असता तर वाक्य विसरूनही त्यानं तो दुसऱ्या शब्दांत सांगितला असता.

पाठांतराला माझा विरोध नाही. मनाचे श्लोक, पाढे, कविता घोकून पिढ्यांच्या जिभेला वळण लागलं. मात्र दुसऱ्याची कविता दुसऱ्याची म्हणून म्हणणं प्रामाणिक आहे. काकांनी लिहिलेलं भाषण 'मला असं वाटतं' म्हणून ठोकणं नाही. आणि यात पोराचा काय दोष? खोटं बोलायचं प्रशिक्षण आपणच देतो, वर करंडकही देतो.

स्पर्धा शालेय आहे की नाही हे ओळखायला माझ्याकडे एकच कसोटी आहे: ती घरून करून आणता येते का? वेशभूषेचा पोशाख भाड्यानं मिळतो. विज्ञान प्रदर्शनातला सिरिंजांचा जेसीबी कुणाच्या तरी बाबांनी रात्री जागून जोडलेला असतो, ज्वालामुखी दुकानातून तयार येतो. २८ फेब्रुवारी हा दिवस आपण १९२८ साली रामन यांना लागलेल्या शोधासाठी पाळतो, आणि त्या दिवशी टेबलामागे उभ्या मुलीला 'हे सोडून दुसरा द्रव वापरला तर काय होईल?' असं विचारलं की ती बाबांकडे बघते. ज्यांच्या घरी असे बाबा नाहीत, ती मुलं टेबलापर्यंत पोचतच नाहीत. ती खुर्च्या लावतात.

खो-खोचं तसं नाही. खो कुणाला द्यायचा हे बाहेरून ओरडून सांगेपर्यंत पळणारी पोरगी खांबापलीकडे गेलेली असते. लंगडीही घरून घालून आणता येत नाही. स्नेहसंमेलनातल्या सिनेमाच्या नाचांवर लोक नाकं मुरडतात. मला ते नाच या भाषणांपेक्षा बरे वाटतात, निदान पाय तरी मुलांचे असतात.

३ जानेवारीला सावित्रीबाईंवर निबंध स्पर्धा असते. फुले दांपत्याच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या मुलीनं मांग-महारांच्या दुःखाविषयी लिहिलेला निबंध १८५५ साली 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. पोथ्यांवर आमचा अधिकार नाही, तर मग आमचा धर्म कोणता, असा रोकडा सवाल ती त्यात करते. घरावर छप्पर नसताना बाळंत होणाऱ्या बायांचे हाल सांगते. ज्या समाजाला शाळेचं दार नुकतं उघडलं होतं, तिथल्या मुलीला निबंध घरून लिहून मिळणार तरी कुठून? सावित्रीबाईंच्या जयंतीला हा निबंध वर्गात वाचून दाखवायला काही खर्च येत नाही.

एका शाळेत मला परीक्षक म्हणून बोलावलं होतं. तिथल्या बाईंनी विषय आयत्या वेळी फळ्यावर लिहिला: 'आज सावित्रीबाई आपल्या गावात आल्या तर?' कोरे कागद वाटले. बहुतेकांनी पाठ केलेला जीवनपटच उतरवला. आयता विषय दिला म्हणून विचार आयते येत नाहीत. एका मुलीनं मात्र लिहिलं होतं, की सावित्रीबाईंना आधी उसाच्या फडावर न्यावं लागेल, ताई तिकडे आहे. ताई सातवीतून गेली, कोपीवर धाकट्याला सांभाळते, आई-बाप पहाटेच तोडीला जातात. ऱ्हस्व-दीर्घाचा पत्ता नव्हता, समारोप नव्हता.

माझ्या शेजारच्या परीक्षकांनी 'विषयांतर' म्हणून गुण कापले. तक्त्याप्रमाणे त्यांचं बरोबर होतं. मी म्हटलं, विषय एवढाच होता. पंधरा मिनिटं वाद झाला, मुख्याध्यापक घड्याळ बघू लागले. पहिला क्रमांक सहा उपशीर्षकांच्या, सुवाच्य निबंधाला गेला. तिला आम्ही उत्तेजनार्थ दिलं.