अतिसामीप्य

मुगाच्या राशीत मुगाचा आणखी एक दाणा टाकला, तर तो दृष्टीसमोर असूनही वेगळा म्हणून दिसत नाही, हा दाखला सांख्यकारिकेवरील गौडपादाच्या भाष्यात आला आहे. आणि पुण्याच्या गुलटेकडीवरील मार्केट यार्डातला भुसार विभाग ज्याने एकदा तरी पायांखाली घातला आहे, त्याला तो वाचताना असे वाटल्यावाचून राहत नाही की, भाष्यकाराने तो कोणत्या तरी बाजारपेठेतूनच उचलला असावा. वस्तू विद्यमान असूनही तिचे ज्ञान का होत नाही, याची आठ कारणे कारिकाकार ईश्वरकृष्णाने सातव्या कारिकेत दिली आहेत. वस्तू फार दूर असते, किंवा फार जवळ असते. इंद्रियात व्यंग असते, किंवा मन ठिकाणावर नसते. वस्तू अतिसूक्ष्म असते, मध्ये काही आड येते, अधिक प्रखर तेजाने ती झाकोळून जाते, अथवा आपल्याच जातीच्या वस्तूंत ती मिसळून जाते. हा सगळा खटाटोप डोळ्यांना न दिसणाऱ्या प्रकृतीच्या सिद्धीसाठी आहे. जे दिसत नाही ते नाहीच, असा फैसला कोणी बिनदिक्कत देऊ नये, एवढा कारिकाकाराचा हेतू. परंतु या यादीतले दुसरे कारण मला उरलेल्या सातांहून चमत्कारिक वाटत आले आहे. दूरचे दिसत नाही हे पोरासोरांनाही कळते. पण जवळचे दिसत नाही, डोळ्यात घातलेले अंजन त्याच डोळ्याला दिसत नाही, ही गोष्ट कबूल करायला मन सहसा राजी होत नाही, कारण शंका आली की वस्तू उचलून डोळ्यांशी न्यायची, हाच आपल्या सर्व व्यवहाराचा शिरस्ता आहे. मग जवळून पाहणे म्हणजे खरे पाहणे, ही समजूत कितपत टिकते?

हा प्रश्न पुस्तकातून उठून माझ्यासमोर उभा राहिला तो एका तरुणामुळे. यार्डातल्याच एका अडत्याचा हा मुलगा. वडिलांच्या गाळ्यावर पट्ट्या आणि हिशेबाच्या वह्या सांभाळता सांभाळता त्याला अतिनिकटच्या छायाचित्रणाचा, ज्याला सारे ‘मॅक्रो’ म्हणतात त्याचा, नाद लागला आहे. विषयासाठी त्याला रानावनात भटकण्याची तसदी घ्यावी लागत नाही. पहाटे फुलबाजार, दुपारी धान्याची पोती, आणि कांद्याच्या वखारीत सालीवर धरलेली काजळी, एवढा ऐवज त्याला पुरतो. या विद्येची पहिली अट अशी की, वस्तू प्रत्यक्षात जेवढी आहे तेवढीच तिची प्रतिमा कॅमेऱ्याच्या संवेदकावर उमटावी. या एकास एक प्रमाणात, भिंगाचे छिद्र एफ-८ वर ठेवले असता, स्पष्टतेची जी पट्टी मिळते तिची जाडी कशीबशी एक मिलिमीटर भरते. मुगाचा दाणा चार-पाच मिलिमीटर लांब. तेव्हा त्याचा जेवढा अंश या पट्टीत सापडेल तेवढा रेखीव, आणि पुढचा-मागचा सारा धुक्यात. छिद्र लहान करीत गेले तर पट्टी रुंदावते, पण उजेड घटतो, आणि एका मर्यादेपलीकडे प्रकाशाच्या विवर्तनामुळे सगळेच चित्र मऊ पडते. श्वास सोडला तरी पट्टी दाण्यावरून घसरते. भिंग वस्तूला इतके भिडते की, पाहणाऱ्याची स्वतःचीच सावली पाहण्याच्या वस्तूवर पडते. म्हणजे कारिकाकाराने वेगळे सांगितलेले व्यवधान, मध्ये काही आड येणे, तेही इथे सामीप्याच्याच पोटी जन्माला येते. जवळ जावे तसतसे दिसणारे क्षेत्र आकसत जाते, हा या यंत्राचा धर्म आहे, आणि मला वाटते तो मनाचाही आहे.

त्याने काढलेल्या मुगाच्या एका चित्रात दाण्याच्या हिरव्या, चकचकीत टरफलावर एक पांढरा ठिपका आला होता. ती धूळ समजून तो संगणकावर पुसण्याच्या बेतात असताना गाळ्यावरचे एक वृद्ध तोलणार, ज्यांना सगळे अण्णा म्हणतात, पाठीमागून डोकावले आणि म्हणाले, “पुसू नकोस रे, ते अंडं आहे. भुंग्यानं घातलंय. महिनाभरात ह्या दाण्याला भोक पडेल बघ.” चित्र अण्णांनी दोन पळेच पाहिले असेल, आणि भिंगाच्या गणिताशी त्यांचा काडीचा संबंध नाही. ज्याने तो ठिपका सहस्रपट निगुतीने टिपला होता त्याला तो कळला नव्हता. ज्याने आयुष्यभर पोत्यातला मूठभर नमुना तळहातावर पसरून पाहिला, त्याला तो कळला.

दुसरी हकीकत झेंडूची. पावसाळ्यातल्या एका पहाटे त्याने झेंडूच्या फुलाचे जे चित्र घेतले ते खरोखर देखणे होते. झेंडूचे एक फूल म्हणजे वस्तुतः शेकडो फुलांचा मेळा, ज्याला आपण पाकळी म्हणतो ते प्रत्येकी एक स्वतंत्र पुष्प, हे वनस्पतिशास्त्राचे वचन त्या चित्रात डोळ्यांनी वाचता येत होते. आणि त्या प्रत्येक पुष्पाच्या कडेवर पाण्याचा एकेक थेंब, थेंबात उलटे पडलेले बाजाराच्या छताचे प्रतिबिंब. त्याने चित्राला ‘दहिवर’ असे नाव दिले. छायाचित्रणाचा शौक असलेल्या मित्रांनी पार्श्वभूमी थोडी उजळ आहे, डावीकडचा थेंब कापला गेला आहे, अशा दोन-चार सूचना करून बाकी मुक्त कंठाने वाखाणणी केली. मग ते चित्र फुलांच्या एका व्यापाऱ्याने पाहिले. तो म्हणाला, “हा भिजलेला माल आहे. दहिवर कसलं? हे पावसाचं पाणी. संध्याकाळपर्यंत काळा पडतो असला झेंडू. ह्याला निम्मासुद्धा भाव यायचा नाही.”

आता प्रश्न असा की, अण्णांच्या आणि या व्यापाऱ्याच्या बोलण्याला ज्ञानाच्या दरबारात काय दर्जा द्यायचा? सांख्यांनी प्रत्यक्ष आणि अनुमान यांच्या जोडीला आप्तवचन हे तिसरे प्रमाण मानले, आणि रूढ समजुतीने आप्तवचन म्हटले की आपल्यापुढे वेद आणि ऋषी उभे राहतात. पण न्यायसूत्रांवरील भाष्यात वात्स्यायनाने आप्ताचे जे लक्षण केले आहे ते पाहिले म्हणजे मन थक्क होते. ज्याने वस्तू साक्षात जाणली आहे, आणि जशी जाणली तशी सांगण्याची ज्याला इच्छा आहे, तो आप्त. आणि हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेंच्छ या तिघांनाही सारखेच लागू पडते, असे तो स्पष्ट म्हणतो. जन्म, अधिकार, विद्वत्ता यांची अट त्याने घातलेली नाही. ज्यांच्या पाठीवरून या बाजाराचा भार वाहिला जातो त्या हमालांच्या कष्टांना कायद्याची दखल मिळायला आपल्या राज्यात १९६९ साल उजाडावे लागले, पण त्यांच्या साक्षीला प्रामाण्य देण्याची तजवीज न्यायभाष्यात शतकानुशतके लिहून ठेवलेली होती. आम्ही ती वाचली नाही, एवढेच. (शास्त्र वाचणाऱ्यांनी बाजारात जायचे नाही आणि बाजारात जाणाऱ्यांनी शास्त्र वाचायचे नाही, ही वहिवाट आपल्याकडे कोणी पाडली हा वेगळा विषय आहे.)

पाश्चात्त्यांच्या इतिहासात अशा अविद्वान साक्षीदाराचे एक नामी उदाहरण आहे. डेल्फ्ट गावचा लेव्हेनहूक हा कापडाचा व्यापारी. लॅटिन त्याला येत नव्हते, विद्यापीठाची पायरी तो चढलेला नव्हता. स्वतः घासलेल्या भिंगांतून पाण्याच्या थेंबात त्याला जिवंत प्राणी वळवळताना दिसले, आणि १६७६ साली त्याने लंडनच्या रॉयल सोसायटीला तसे कळवले. विद्वानांचा विश्वास बसेना. तेव्हा त्याने धर्मोपदेशकांसह गावातल्या प्रतिष्ठित गृहस्थांना भिंगातून दाखवून त्यांच्या लेखी साक्षी धाडल्या, आणि १६७७ साली रॉबर्ट हूकने स्वतः प्रयोग करून ते प्राणी पाहिले तेव्हा कुठे शंका फिटली. हा हूक म्हणजे ज्याने १६६५ च्या आपल्या ग्रंथाच्या आरंभीच सुईचे टोक भिंगाखाली धरून ते किती बोथट आहे हे दाखवले, तोच. एकट्याने जवळून पाहिलेले, कितीही खरे असले, तरी दुसऱ्याच्या डोळ्याने शिक्कामोर्तब केल्याशिवाय ते ज्ञानाच्या दप्तरात दाखल झाले नाही. तरीही हा लेव्हेनहूक आपली उत्तम भिंगे आणि पाहण्याची खास रीत अखेरपर्यंत स्वतःजवळच राखून होता. साक्ष हवी, पण सामायिक डोळा नको, हा व्यापाऱ्याचा स्वभाव म्हणावा की शोधकाचा, हे मला ठरवता येत नाही.

आप्ताच्या लक्षणाची दोन अंगे यार्डात फार स्वच्छ वेगळी होतात. खरेदीदार माल पाहून वांधा काढतो तेव्हा त्याला माल पक्का कळलेला असतो. पण जसा कळला तसा सांगण्याची त्याची इच्छा नसते, कारण त्याला भाव पाडायचा असतो. उलट, शिकाऊ माणसाचे चित्र पाहून ‘वा, फारच छान’ म्हणणाऱ्या स्नेह्याची इच्छा शुद्ध असते आणि जाणीव शून्य. नवख्याला पहिल्या प्रकारची निंदा दुखवते आणि दुसऱ्या प्रकारची स्तुती सुखवते. दोन्ही प्रमाण नव्हेत, आणि स्तुतीची हानी अधिक, कारण तिच्यावर कोणी हरकत घेत नाही.

पण खरी अडचण पुढेच आहे. दोन आप्त परस्परविरुद्ध बोलले तर? मित्रांना थेंबात सौंदर्य दिसले, फुलवाल्याला नुकसान दिसले, आणि दोघेही जाणते, दोघेही निष्कपट. यार्डातल्या कित्येक भुसार पेढ्या ज्या जैन कुटुंबांच्या आहेत त्यांच्या दर्शनाने या कोड्याचा विचार पराकाष्ठेचा केला आहे. आणि भांडारकर संस्थेच्या हस्तलिखित संग्रहात जैन पोथ्यांचा केवढा मोठा साठा आहे हे आठवले म्हणजे पेढी आणि पोथी यांच्यातले अंतर पुण्यात तरी फार नसावे असे वाटते. उमास्वातीच्या तत्त्वार्थसूत्राने वस्तूच्या एका धर्माला पुढे आणणे आणि दुसऱ्याला तात्पुरते मागे ठेवणे ही ज्ञानाची अपरिहार्य रीत मानली. अशा एकांगी दृष्टीला नय म्हणतात. नय सदोष नाही. जो नय मागे ठेवलेल्या धर्माचे अस्तित्वच नाकारतो तो मात्र दुर्नय ठरतो. मिलिमीटरभर स्पष्टतेची ती पट्टी म्हणजे यंत्राने पत्करलेला नय आहे. धुक्यात गेलेला दाण्याचा भाग खोटा झालेला नाही, तो मागे ठेवला आहे. फुलवाल्याच्या वाक्याने थेंबाची शोभा रद्द होत नाही, आणि मित्रांच्या वाखाणणीने झेंडू टिकत नाही. फुलवालासुद्धा भावाच्या इतका निकट राहिला आहे की, त्याच्या डोळ्यातही त्याचे अंजन असणारच. ते दाखवायला या मुलाचे चित्र उपयोगी पडले असेल. अर्थात या उदार सिद्धांताचा आधार घेऊन कोणी हलवलेला कॅमेरा आणि चुकलेली पट्टी यांनाही नय म्हणू लागला, तर त्याला अण्णांच्या हवाली करावे.

त्या तरुणाने चित्र ठेवले आणि नाव बदलले. ‘दहिवर’ काढून त्याने ‘भिजलेला माल’ असे लिहिले. मित्रांना ते नाव अरसिक वाटते. फुलवाल्याला ते पटले आहे, परंतु प्रदर्शनात चित्र लागणार असेल तर आपल्या गाळ्याचा उल्लेख त्याखाली नको, अशी त्याची दरखास्त आहे; गिऱ्हाईक बिथरेल, असे तो म्हणतो. यामुळे त्याचे आप्तत्व उणावले काय, याचा मी पुष्कळ विचार केला. वात्स्यायनाने सत्य सांगण्याची इच्छा आवश्यक धरली आहे. ती किती जणांसमोर असावी, याचा खुलासा भाष्यात नाही.