संमती, विवेक आणि बुडालेली शिफ्ट

स्तनाच्या कर्करोगावरील स्तनसंवर्धन शस्त्रक्रियेत, म्हणजे केवळ गाठ व तिच्याभोवतीची निरोगी कड काढून पुढे किरणोपचार देण्याच्या पद्धतीत, सुयोग्य रुग्णांची जगण्याची शक्यता संपूर्ण स्तन काढण्याइतकीच राहते, हे मिलान व अमेरिकेतील 2002 साली प्रसिद्ध झालेल्या दीर्घ पाठपुराव्यांनी दाखविल्यामुळे निवड स्त्रीच्या मूल्यविवेकाकडे येते. समीरा कोहली खटल्यात (2008) सर्वोच्च न्यायालयाने पर्याय व धोके सांगणे संमतीसाठी आवश्यक ठरविले आणि भूल दिलेल्या सज्ञान स्त्रीऐवजी तिच्या आईने दिलेली संमती अग्राह्य मानली. तथापि कागल पंचतारांकित एमआयडीसीतील एखाद्या कामगार स्त्रीने, किरणोपचारासाठी काही आठवडे शिफ्ट बुडेल म्हणून, स्तन काढणेच पत्करले, तर ती निवड स्वायत्त मानावी काय? कांट या हिशेबाला कदाचित बाह्य बंधन म्हणेल. परंतु घर चालविणारीचा तो विवेकच होय, मात्र किरणोपचाराचे दिवस आणि पुन्हा शस्त्रक्रियेची शक्यता तिला आधीच सांगितलेली असली पाहिजे.