मारका बैल

शास्त्रपाठ : निर्गम २१:२८-३०, अनुवाद २२:८, याकोब ४:१७



सीनाय पर्वताशी दहा आज्ञा दिल्यावर देवाने आपल्या लोकांना रोजच्या व्यवहाराचेही नियम दिले. त्यांत बैलाविषयी एक नियम आहे. बैलाने शिंग मारून माणसाचा जीव घेतला तर बैलाला मारावे, मालक मात्र निर्दोष. पण तो बैल पूर्वीपासूनच मारका असेल, मालकाला तशी सूचना मिळाली असेल आणि तरीही त्याने त्याला आवरले नसेल, तर मालकही मरणदंडास पात्र आहे.

दोन्ही प्रसंगी शिंग तेच आणि मरणही तेच. फरक एवढाच की दुसऱ्या मालकाला माहीत होते.

आज आपल्यापैकी थोड्यांच्याच दारी बैल उरला आहे. पुष्कळांच्या दारी मोटार उभी आहे. मोटार ही देवाची देणगीच आहे. तिच्यातून आपण आजाऱ्याला दवाखान्यात नेतो, वृद्धांना उपासनेस आणतो. पण ती मारकी झाली आहे हे कळूनही आपण तिला रस्त्यावर सोडतो काय? हा प्रश्न मी प्रथम स्वतःला विचारला, आणि तो का विचारावा लागला ते सांगतो.

माझ्या गाडीचे ब्रेक पेडल तीन आठवडे मऊ लागत होते. ब्रेक ऑइल कमी झालेले दिसले की मी वरून थोडे ओतत असे. ते जाते कुठे, हे पाहण्यास सवड काढली नाही. एका रविवारी सकाळी कॅम्पात उपासनेला येत असताना शब्बाथ शाळेला निघालेला एक मुलगा धावत रस्ता ओलांडू लागला. मी ब्रेक दाबला आणि पेडल तळाला गेले. हँडब्रेक ओढला. गाडी थांबली तेव्हा मुलात आणि गाडीत दोन हातांचे अंतर होते. तो हसून पळाला. त्याच संध्याकाळी मी मंडळीतील चौघांना घेऊन प्रार्थनासभेसाठी निपाणीला जाणार होतो.

दुसऱ्या दिवशी मेस्त्रींनी मागचे चाक खोलले. आतले रबर गळत होते. "किती दिवस झाले?" त्यांनी विचारले. मी सांगितले. ते हात पुसत एवढेच म्हणाले, "सर, गाडीनं सांगितलं होतं की ओ तुम्हाला."

गाडी खरोखरच सांगत असते. पेडलवरील पायाचा दाब नळ्यांतील तेलातून चारही चाकांपर्यंत जातो. तेल दाबून आकसत नाही, हवा आकसते. म्हणून नळीत हवा शिरली की पेडल मऊ लागते. हे तेल हवेतील ओलावाही शोषून घेते. डॉट ३ प्रतीच्या नव्या तेलाचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस असावा लागतो. ओलावा मुरल्यावर तो १४० अंशांपर्यंत उतरू शकतो. बेळगावहून निपाणीकडे जाताना तवंदी घाटाच्या उतारावर सारखा ब्रेक दाबून ठेवला तर चाके तापतात, जुन्या तेलाची वाफ होते आणि ऐन वळणावर पाय तळाला जातो. म्हणून उतारावर गाडी खालच्या गिअरमध्ये ठेवून इंजिनाच्या ओढीने आवरावी. पेट्रोल वाचवण्यासाठी न्यूट्रलमध्ये कधीही उतरू नये. ब्रेक ऑइल साधारण दोन वर्षांनी बदलावे. टायरची नक्षी १.६ मिलिमीटरपर्यंत झिजली की तो टायर संपला असे समजावे. आपल्याकडील पावसात गुळगुळीत टायर रस्ता धरत नाही.

"पण अजून काही झाले नाही ना?" असे आपण म्हणतो. अनुवादाच्या बाविसाव्या अध्यायात देव सांगतो की नवे घर बांधशील तेव्हा धाब्याला कठडा बांध. कोणी पडल्यानंतर नव्हे, घर बांधतानाच! शेजाऱ्यावरील प्रीती आधी पोहोचते. पश्चात्ताप पुष्कळदा मागून येतो. आपल्या देशाचा १९८८ चा मोटार वाहन कायदाही, कलम १९० मध्ये, हेच धरून आहे. धोकादायक दोष माहीत असताना, किंवा साधी काळजी घेतली असती तर कळला असता अशा दोषासह, गाडी चालवणारा दोषी आहे. आणि ती चालवू देणाराही. ड्रायव्हर "ब्रेक लागत नाहीत" म्हणून सांगतो आणि मालक "पुढच्या महिन्यात बघू" म्हणतो, तेव्हा हा भार कोणावर येतो याचा विचार करावा. २०२२ साली भारतात रस्त्यांवरील अपघातांत १,६८,४९१ माणसे मरण पावली. त्यांतील प्रत्येकाची घरी कोणीतरी वाट पाहत होते.

याकोब सांगतो की चांगले करणे कळत असून जो ते करीत नाही, त्याला ते पाप आहे. हे वचन गाडीपाशी थांबत नाही. आपला राग घरातल्यांना लागतो हे आपल्याला माहीत आहे. भावाशी शेताच्या बांधावरून अबोला आहे, हेही माहीत आहे. पत्नीने सांगितले, पाळकांनी सांगितले; आणि आपण दर रविवारी वरून थोडे तेल ओतून पुढे निघालो. गळती तशीच राहिली.

मग आपल्याला आशा कोठे आहे? त्याच अध्यायात, पुढच्याच वचनात. ज्या मालकाला माहीत होते, त्याच्याही जिवासाठी खंडणी ठरवण्याची वाट देवाने मोकळी ठेवली आहे. आणि मार्क १०:४५ मध्ये प्रभू येशू सांगतो की पुष्कळांच्या मुक्तीसाठी आपला जीव खंडणी म्हणून देण्यास तो आला. कळूनही न करणाऱ्यांसाठी तो मेला. त्या मुलाकडे पाहताना मला दर रविवारी हे आठवते. तो वाचला हे माझे पुण्य नव्हे, ती केवळ कृपा होती.

पण क्षमा मिळालेला जक्कय हात जोडून बसला नाही. लुबाडलेले परत करण्यास उठला. आपणही उठू या. रविवारी प्रार्थना करू या आणि सोमवारी गाडी मेस्त्रींकडे नेऊ या. आणि ज्या भावाशी अबोला आहे, त्याचे दार वाटेतच लागते.

प्रार्थना : हे प्रभू, जे आम्हांला कळले आहे ते करण्यास आम्हांला आजच बळ दे. आमच्या हयगयीने कोणाचे लेकरू दुखावू नये. आमेन.

शब्बाथ शाळेच्या शिक्षकांसाठी : (१) पहिला मालक निर्दोष व दुसरा दोषी का? (२) आपल्या घरात, वर्गात वा उपासनामंदिरात कोणता "कठडा" बांधायचा राहिला आहे? (३) मुलांना सायकलीचे ब्रेक, हवा व घंटी तपासून येण्यास सांगावे, आणि पुढच्या रविवारी काय आढळले ते विचारावे.